सासू-सुनेची बाह्यरेषा वेगळी कशी केली

मुलांच्या एका चित्रकथेसाठी मी कोळीण, तिची सासू आणि पोस्टमन अशी पात्रे रचली होती. मोठ्या कागदावर ती उठून दिसत, परंतु छापील आकारात सासू कोणती आणि सून कोणती, हे लुगड्याच्या रंगावाचून कळेना. तेव्हा मी तिन्ही आकृत्या काळ्या शाईने सपाट भरल्या आणि अंगठ्याएवढ्या करून शेजारीशेजारी मांडल्या. दोघींची उंची, खांद्यांचा उतार आणि अंबाड्याची जागा जवळजवळ सारखीच असल्याचे लगेच लक्षात आले.

सुरुवात प्रमाणापासून केली. प्रौढ माणसाची उंची साधारणतः साडेसात डोकी, म्हणजे त्याच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसातपट, धरतात. सून मी ८ डोक्यांची केली, तर सासूला ५ वर आणून तिची मान खांद्यांत रुतवली. सुनेचे लुगडे गुडघ्यापर्यंत चापून नेसलेले असल्यामुळे पायांमधली मोकळी जागा काळ्या आकृतीतही स्पष्ट राहते. डोक्यावरची माशांची पाटी किंचित कलती ठेवली, एका हाताने ती सावरलेली दाखवली आणि दुसरा हात कमरेवर ठेवला. (कोपर आणि कमर यांमध्ये दिसणारा तो त्रिकोण नाकीडोळ्यांपेक्षा अधिक काम करतो, असे माझे मत झाले आहे.) पोस्टमनला खांद्यावरची पिशवी पुरली.

त्यानंतर प्रत्येक पात्र समोरून, बाजूने आणि पाठमोरे असे त्याच आडव्या रेषांवर काढून ठेवले, जेणेकरून पुढील पानांवर उंची बदलू नये. रंग सर्वांत शेवटी भरले, तेही आधी करड्या छटांत तपासून.