चादर दाखल करताना: छोट्या वस्तुसंग्रहालयाची नोंदवही

सोलापुरात एखादी शाळा, वाचनालय किंवा विणकरांची संस्था वस्तुसंग्रहालय काढायला निघाली की पहिला खर्च काचेच्या कपाटांवर होतो. नोंदवही मात्र कुणाच्या तरी अर्धवट भरलेल्या डायरीत सुरू होते. कपाट पुढच्या वर्षीही घेता येते. पण वस्तू कुणी, कधी आणि कशासाठी दिली हे पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

समजा, कुणी जुनी जेकार्ड चादर, म्हणजे भोकांच्या पुठ्ठ्यांनी मागावर नक्षी विणलेली चादर, आणून दिली. ती आत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: दान, उसनी की फक्त दाखवायला? दान असेल तर त्याच दिवशी दानपत्रावर सही घ्या आणि ‘मालकी संस्थेकडे दिली, अट नाही’ हे शब्द त्यात येऊ द्या. उसनी असेल तर परतीची तारीख हवीच. ‘राहू द्या तुमच्याकडे’ एवढ्या तोंडी बोलण्यावर घेतलेली वस्तू दहा वर्षांनी नातू मागायला येतो, तेव्हा दाखवायला कागद नसतो.

मग दाखल क्रमांक, म्हणजे अ‍ॅक्सेशन नंबर. तीन भागांची पद्धत सर्वात कमी गोंधळाची. 2025.7.2 म्हणजे 2025 सालातल्या सातव्या दानातली दुसरी वस्तू. ‘चा-1’, ‘भां-1’ असे प्रकारवार क्रमांक सुरुवातीला सोपे वाटतात; पण टॉवेल चादरीत धरायचा की वेगळा, या वादात वही अडकते. जेकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ असेल तर अख्ख्या माळेला एकच क्रमांक द्या आणि पुठ्ठे मोजून आकडा वर्णनात लिहा.

क्रमांक चादरीवर कसा घालायचा? धुतलेल्या सुती फितीचा सेंटीमीटरभर रुंद तुकडा घ्या आणि त्यावर न फुटणाऱ्या शाईने लिहा. शाई वाळल्यावर फीत ओली करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. डाग उमटला तर पेन बदला. मग फीत चादरीच्या उलट्या बाजूला, ठरलेल्या एकाच कोपऱ्यात, दोन्ही टोकांना दोन-तीन सैल टाक्यांनी लावा. सुई धाग्यांच्या मधून जाऊ द्या, धाग्यात घुसवू नका. टाचणी गंजते, चिकटपट्टीचा गोंद कापडात उतरतो आणि निघत नाही.

सूचीपत्रकात लांबी-रुंदी, रंग, नक्षी आणि स्थितीनोंद येते. ‘बरी’ किंवा ‘खराब’ लिहून काही कळत नाही. ‘डाव्या काठापासून 12 सेंमीवर 3 सेंमीची चीर, दशा दोन ठिकाणी तुटलेल्या’ असे लिहा, सोबत फोटो. धोटा, फणी, ताणा, बाणा हे मागावरचे शब्द जसेच्या तसे ठेवा. इथल्या अनेक विणकर घरांत तेलुगू बोलतात, तो शब्दही देवनागरीत शेजारी लिहा. पूर्वेतिहास लिहिताना सांगोवांगी आणि कागदोपत्री वेगळे ठेवा. ‘ही टोपी 1930 च्या मार्शल लॉच्या दिवसांतली’ असे घरच्यांनी सांगितले, तर ‘दात्याच्या सांगण्यानुसार’ हे शब्द आधी. त्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या या गावात, सोलापुरात, अशा वस्तू पुष्कळ येतात, आणि सगळ्यांचा पुरावा सारखा नसतो.

नवी वस्तू थेट भांडारात नेऊ नका. कसर किंवा वाळवी आहे का, हे पाहायला ती दोन आठवडे पॉलिथिनमध्ये वेगळी ठेवा. घोंगडीत कसर सापडली तर हवा काढून पिशवी घट्ट बंद करा आणि उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. नाहीतर थंड लोकरीवर पाणी जमते. डांबरगोळ्या टाकून मोकळे होणे सोपे, पण तो वास कर्मचाऱ्यांच्या छातीत जातो.

चादर घडी घालून ठेवली की घडीवरचे धागे तुटतात. सुमारे 10 सेंमी व्यासाच्या नळीवर धुतलेला मांजरपाट गुंडाळा आणि त्यावर चादर. मांजरपाटाची खळ दोनदा गरम पाण्यात काढून टाका, कारण खळ हे किड्यांचे खाद्य. आणि भांडारात कूलर नको! सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, मोह होतो. पण कूलर दमट हवा फेकतो, रात्री बंद झाला की हवा पुन्हा कोरडी. आर्द्रतेची ही चढउतार धाग्यांना त्रास देते, आणि आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली तर बुरशी धरते.

प्रदर्शनात कापडावर प्रकाश 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचे एकक). प्रकाशाचे नुकसान साठत जाते, म्हणून तीन-चार महिन्यांनी चादर उतरवून दुसरी लावा. उचलताना तिच्या जागी चिठ्ठी ठेवा: क्रमांक, तारीख, कुठे नेली, सही.

एखादी वस्तू संग्रहातून कमी करायची, म्हणजे निर्लेखन करायचे, तर समितीचा ठराव आणि कारण लेखी हवे. नोंद खोडायची नाही. शेरा लाल शाईने लिहायचा आणि तो क्रमांक पुन्हा कुणालाच द्यायचा नाही.