मँचेस्टरमध्ये घर शोधताय? आधी ट्रामचा नकाशा बघा

मँचेस्टरला नोकरी किंवा ॲडमिशन पक्की झाली की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, भाडं कुठे कमी आहे? माझं कळकळीचं सांगणं आहे की भाडं नंतर बघा. आधी कामाची जागा ट्रामच्या कुठल्या लाइनवर किंवा बसच्या कुठल्या रस्त्यावर आहे ते बघा आणि शक्यतो त्याच लाइनवर घर घ्या. इथल्या ट्रामच्या लाइनी शहराच्या मध्यातून चहूकडे फुटतात, त्यामुळे शेजारच्या उपनगरात जायलाही बराच वळसा पडतो. टिंपर्ली आणि विमानतळ नकाशावर जवळजवळ दिसतात, पण ट्रामने जायचं तर आधी उत्तरेला ट्रॅफर्ड बारपर्यंत जा, तिथे ट्राम बदला आणि पुन्हा दक्षिणेला या.

युनिव्हर्सिटीत किंवा रॉयल इन्फर्मरी या हॉस्पिटलात येणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी: ऑक्सफर्ड रोडवर ट्राम नाही. तिथे बसचं राज्य आहे. रशोम, फॅलोफील्ड, विदिंग्टन, डिड्सबरी या पट्ट्यात राहिलात तर एकामागून एक बस मिळतात. ४३ नंबरची बस याच रस्त्याने विमानतळापर्यंत रात्रभर धावते, शिफ्टवाल्यांना तिचा मोठा आधार आहे. डिड्सबरीला ट्रामही आहे, पण ती चॉर्ल्टनवरून फिरून येते. युनिव्हर्सिटीसाठी बसच बरी. वाटेत रशोमला मेथी, कढीपत्ता, डाळी सगळं मिळतं.

सॅल्फर्डच्या मीडियासिटीत ऑफिस असेल तर कॉर्नब्रुक हे ट्राम स्टॉपचं नाव पाठ करा. आल्ट्रिंगम, एकल्स, विमानतळ, ट्रॅफर्ड सेंटर या लाइनी तिथून पुढे वेगळ्या होतात, म्हणून ट्राम बदलायला ते सोयीचं.

पत्त्यात मँचेस्टर लिहिलेलं असलं तरी घर मँचेस्टर कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हद्दीतच असेल असं नाही. ग्रेटर मँचेस्टरमध्ये १० कौन्सिल आहेत. अर्वेल नदीवरचा पूल ओलांडला की सॅल्फर्ड लागतं आणि तेही स्वतंत्र शहर आहे. घर कुठल्या कौन्सिलमध्ये आहे त्यावर कौन्सिल टॅक्स आणि शाळेचा प्रवेश ठरतो, म्हणून मुलं असतील तर करारावर सही करण्याआधी हे तपासाच. सेल आणि आल्ट्रिंगम ट्रॅफर्ड कौन्सिलमध्ये येतात. तिथल्या ग्रामर स्कूलसाठी (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांसाठी) बरीच भारतीय कुटुंबं तिकडे राहतात आणि भाडंही तसंच चढं असतं.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा घेऊन विमानतळावरून ट्राम पकडू नका, शहराच्या मध्यापर्यंत जवळजवळ तास जातो. ट्रेन साधारण २० मिनिटांत मध्यातल्या पिकॅडिली स्टेशनला पोचवते. पिकॅडिलीचे १३ आणि १४ नंबरचे प्लॅटफॉर्म मात्र मुख्य स्टेशनपासून बाजूला, बरंच चालून गेल्यावर येतात. तिथून गाडी असेल तर हाताशी १० मिनिटं ठेवा.

तिकिटासाठी बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. पिवळ्या बसमध्ये चढताना एकदा टॅप केलं की झालं, उतरताना नको. ट्रामच्या स्टॉपवर मात्र गेट नसतं, मशीन खांबावर असतं आणि टॅप चढण्याआधी व उतरल्यावर दोन्ही वेळा करायचा. कार्डही दोन्ही वेळा तेच हवं. एकदा फोन आणि एकदा कार्ड वापरलं तर सिस्टीम ते दोन अपुरे प्रवास धरते आणि पैसे जास्त कापले जातात.