नॉर्वेच्या पार उत्तरेला जायचंय? आधी उजेड की अंधार ते ठरवा, मग तिकीट काढा

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात कधी जाऊ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, बघायचंय काय? कारण बऱ्याच जणांना एकाच ट्रिपमध्ये नॉर्दर्न लाइट्सपण (रात्रीच्या आकाशात हलणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे) हवे असतात आणि मध्यरात्रीचा सूर्यपण, आणि ते काही केल्या जमत नाही. लाइट्स दिसायला आकाश काळंकुट्ट लागतं आणि तिकडे साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, त्याच्या आधी-नंतर बरेच आठवडे रात्र अशी होतच नाही, नुसती संध्याकाळ लांबत राहते. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्ट संपत येईपर्यंत लाइट्सचं नाव काढू नका, कुठल्या टूरवाल्याने सांगितलं तरी.

थंडीला घाबरून महिना ठरवू नका. ट्रॉम्सो आर्क्टिक सर्कलच्याही साडेतीनशे किमी वर आहे, पण अटलांटिकचा गरम प्रवाह किनाऱ्याला लागून जातो म्हणून जानेवारीतसुद्धा सरासरी तापमान उणे 4 अंशांच्या आसपासच असतं. खरी थंडी आत, कारासयोककडे, तिथे 1886 मध्ये उणे 51.4 नोंदलं गेलं होतं, नॉर्वेचा रेकॉर्ड अजून तोच आहे.

आता आपल्याकडचा खरा घोळ म्हणजे शाळेच्या सुट्ट्या. मे महिना सगळ्यांना सोयीचा, आणि तिकडे नेमका तोच अधलामधला. लाइट्स संपलेले, हस्की कुत्र्यांनी ओढायच्या स्लेज (बर्फगाड्या) बहुतेक बंद झालेल्या, खाली बर्फ वितळून चिकचिक, झाडांना पानं नाहीत. जायचंच असेल तर निदान 17 मे गाठा, त्यांचा राष्ट्रीय दिवस, बुनाद, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घातलेली माणसं आणि पोरांची मिरवणूक बघायला मिळते आणि दोन-चार दिवस पुढे थांबलात तर मध्यरात्रीचा सूर्यही. दिवाळीच्या सुट्टीत लाइट्स दिसू शकतात पण बर्फाची खात्री नाही, आणि पावसाळी हवा असते.

नाताळात गेलात तर 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य उगवतच नाही हे माहीत असू द्या. अगदी काळोख नसतो, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड येतो आणि तो खरंच सुंदर असतो, पण घरात आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर चौथ्या दिवशी सगळे कंटाळतात. फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला सांताच्या गावाजवळच्या हॉटेलांचे दर तर विचारूच नका. एक गोष्ट मात्र फक्त याच दिवसांत, हेरिंग माशांच्या मागे येणारे ओर्का आणि हंपबॅक व्हेल, श्यार्व्हॉयकडे, नोव्हेंबर ते जानेवारी. बोट लागणाऱ्यांनी विचार करूनच जा.

माझं मत विचाराल तर मार्चचे मधले पंधरा दिवस. दिवस-रात्र जवळपास सारखे, म्हणजे दुपारी स्लेज, रात्री लाइट्स, भरपूर बर्फ आणि फोटोंना ऊन. शिवाय विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, सौरवाऱ्याचं आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जास्त जुळून येतं, त्यामुळे लाइट्सची शक्यता थोडी वाढते. फक्त एक, मार्चमध्ये फुटपाथवरचा बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री काचेसारखा गोठतो, महागडे बूट घालूनही माणूस आपटतो. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे मिळतात ते पोचल्या पोचल्या घ्या, जॅकेटपेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

बर्फ नको असेल तर सप्टेंबर. बर्चची पानं पिवळी, डास गेलेले, तळी न गोठलेली त्यामुळे लाइट्स पाण्यातही दिसतात आणि साध्या स्वेटर-जॅकेटवर भागतं. जून-जुलै नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर गाडी घेऊन फिरणाऱ्यांसाठी, रात्री अकराला डोंगर चढा, कोण अडवतंय! पण त्याच दिवसांत फिनलंडच्या लॅपलंडमध्ये डास असे काही तुटून पडतात की ट्रेक अर्धवट सोडावासा वाटतो.

महिना कुठलाही निवडा, लाइट्ससाठी किमान चार रात्री ठेवा. किनाऱ्यावर ढग फार. गाइड लोक व्हॅनमधून आत शिबोत्नकडे, कधी थेट फिनलंडच्या हद्दीत घेऊन जातात, म्हणून पासपोर्ट खिशात हवा. ढग जास्तच नडत असतील तर स्वीडनचं आबिस्को बघा, डोंगरांच्या आडोशामुळे तिथलं आकाश जास्त वेळा मोकळं असतं.

शेंगेन व्हिसाचा (नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मार्चसाठी सप्टेंबरातच कागद जमवायला घ्या. आणि स्वालबार्डला, म्हणजे आणखी उत्तरेकडच्या नॉर्वेच्याच बेटांवर, जायचा मोह झाला तर, ते शेंगेनच्या बाहेर आहे, तिथून नॉर्वेत परत शिरताना नव्याने एंट्री लागते, तेव्हा अर्जात सिंगल नाही, डबल किंवा मल्टिपल एंट्रीवर टिक करा.