'हेवी' हे विशेषण कसं वापरायचं

नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना 'हेवी'साठी मी एक अख्खा तास राखून ठेवते. हेवी बॅग म्हणजे जड दप्तर, हे सगळ्यांना येतं. अडतं ते पुढे.

आधी पुढचं नाम बघा. पाऊस हेवी, वारा मात्र स्ट्राँग. जेवण हेवी, चहा स्ट्राँग. 'स्ट्राँग रेन' कानाला खटकतं. म्हणून शब्द सुटा पाठ न करता जोडीनेच वहीत लिहा. आपल्या हवामान खात्याने तर हेवी रेन मोजूनच दिलाय: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत व्हेरी हेवी, त्याहून जास्त एक्स्ट्रीमली हेवी. जुलैतल्या बातम्या मी वर्गात मुद्दाम याच नजरेने वाचून घेते.

माणसाबद्दल बोलताना जपा. 'हेवी स्मोकर' वजनाने काडी पहिलवानही असू शकतो. तो सिगारेटी फार ओढतो, एवढंच. 'हेवी स्लीपर' म्हणजे हाका मारूनही न उठणारा. इथे हेवी माणसाला नाही, त्याच्या क्रियेला लागतं.

आपल्या 'भारी'ने सर्वांत जास्त घोळ होतो. 'काय भारी पिक्चर होता!' याचं 'हेवी मूव्ही' करू नका. ऐकणाऱ्याला वाटेल, सिनेमा मनावर दडपण आणणारा होता. तिथे ग्रेट किंवा अमेझिंग म्हणा. 'जड अंतःकरणाने' मात्र बिनधास्त 'विथ अ हेवी हार्ट' लिहा, तिथे दोन्ही भाषा जुळतात.