नाशिकमध्ये घर घेताय? शहर की उपनगर ठरवताना या चुका टाळा

घराचा सल्ला विचारायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "त्याच पैशात शहरात टू बीएचके घेऊ की बाहेर थ्री?" कोण कुठे नोकरीला आहे, मुलांची शाळा कुठे आहे, आई-वडील सोबत राहणार का, हे मला विचारून काढावं लागतं. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रविवारी दुपारी साइट बघून टोकन देणं. रविवारी द्वारका चौक मोकळा, मुंबई नाका मोकळा, सगळंच जवळ वाटतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असंच म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला घर घेतलं. एक खोली जास्त मिळत होती आणि "ऑफर आजच्यापुरती" होती. साहेब अंबडच्या कंपनीत, वहिनी नाशिकरोडच्या शाळेत, मुलीचा क्लास कॉलेज रोडला. तिघांच्या तीन दिशा. वहिनींना दोन्ही वेळा द्वारकेची कोंडी, मुलीला आणायला संध्याकाळी कोण जाणार यावरून रोजची ओढाताण. शेवटी इंदिरानगरला भाड्याने राहायला आले. भाडंही भरतात आणि हप्ताही. जास्तीची ती खोली कुलूपबंद आहे.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, घरातल्या सगळ्यांचे रोजचे पत्ते कागदावर लिहा. मग सोमवारी सकाळी त्या घरापासून ऑफिसच्या वेळेत स्वतः गाडी चालवत जा आणि संध्याकाळच्या गर्दीत परत या. सिटीलिंकने जाणार असाल तर बसनेच जाऊन बघा. गुगल मॅपवर मिनिटं बघून समाधान मानणाऱ्यांना मी पुढचा सल्ला देत नाही. वीस वर्षं कर्ज फेडायचंय आणि एक रजा काढवत नाही?

दुसरी चूक पाण्याची. जाहिरातीत "नाशिक" लिहिलेलं असतं, पण जागा महापालिका हद्दीत आहे की ग्रामपंचायतीत, हे कुणी विचारत नाही. हद्दीबाहेर असाल तर गंगापूर धरण भरल्याच्या बातमीचा तुमच्या नळाशी संबंध असेलच असं नाही. बोअरवेल, आणि ती आटली की टँकर. "पाइपलाइन येतेय" हे वाक्य लेखी मिळत नसेल तर ते धरूच नका. माझी सवय अशी: शेजारच्या, राहती झालेल्या सोसायटीत जायचं, सेक्रेटरींना भेटायचं आणि एप्रिल-मे महिन्यातली टँकरची बिलं दाखवायला सांगायची. लोक दाखवतात. सॅम्पल फ्लॅटमध्ये तासभर घालवण्यापेक्षा त्या बिलांतून जास्त कळतं.

शहरात घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. गोदाकाठच्या जुन्या भागात घेत असाल तर पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर बघाच. 2008 आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, हे दहीपूल, सराफ बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. जुन्या इमारतीत लिफ्ट आणि पार्किंग नसेल, तर "मध्यवर्ती" या शब्दाचे जास्त पैसे मोजू नका.

आई-वडील सोबत असतील तर त्यांनाही घर दाखवा, आणि तेही भर दुपारी. किराणा, दवाखाना, देऊळ पायी गाठता येत नसेल तर दिवसभर ते घरातच अडकतात. मुलगा-सून कामावर असताना त्यांचं काय होतं, हे मी पाहिलंय, आणि त्याचा मला फार त्रास होतो.

कार्पेट एरियाच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागाच विचारा, बाकीचे आकडे सोडून द्या.

गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधून मंजूर नकाशा स्वतः वाचा. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नको.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे भाव चढतील म्हणून राहतं घर घेऊ नका.

आणि तयार फ्लॅट असेल, शहरात असो की बाहेर, भोगवटा दाखला, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, हातात आल्याशिवाय सामान हलवू नका. बिल्डर "पुढच्या महिन्यात मिळेल" म्हणाले तर "मग पुढच्या महिन्यातच येतो" असं त्यांना सांगा.