दिव्यांग नोकरदारहो, या चुका टाळा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो, भुसावळमधले रेल्वेचे कार्यालय असो की धुळ्यातली शाळा, दिव्यांग कर्मचाऱ्याची सोय बहुतेक वेळा ‘साहेब समजून घेतात’ एवढ्यावरच चाललेली असते आणि साहेबांची बदली झाली की तीही संपते. त्यामुळे तोंडी विनंतीवर थांबू नये. अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि ती घरी जपून ठेवावी.

अर्ज मोघम ठेवणे ही दुसरी चूक. ‘मला 60 टक्के दिव्यांगत्व आहे, तरी सहकार्य व्हावे’ या वाक्यावरून नेमके काय करायचे हे कोणत्याच अधिकाऱ्याला कळत नाही. ‘मी डाव्या पायात कॅलिपर वापरतो, दुसऱ्या मजल्यावर चढताना तोल जातो, तरी माझे टेबल तळमजल्यावर द्यावे आणि स्वच्छतागृहात धरायला दांडा बसवावा’ असे लिहिले, तर त्यावर निर्णय घेता येतो. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर ज्यांना नीट घाम येत नाही, त्यांनी उन्हाळ्यापुरती सकाळची पाळी मागणे ही चैन नव्हे, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

सर्वांत महागात पडते ती घाईने राजीनामा देण्याची चूक. सेवेत असताना अपघाताने पाय किंवा आजाराने दृष्टी गेली, की घरचे काळजीपोटी आणि कार्यालयातले सोयीपोटी ‘आता झेपणार नाही’ म्हणू लागतात, आणि खचलेला माणूस सही करून बसतो. वास्तविक, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार, शासनाने सूट दिलेली आस्थापना सोडल्यास, सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पदावनतही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा पदावर ठेवावे लागते. हे संरक्षण खासगी नोकरीला नाही, म्हणून राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराने, पुढे विम्याचा लाभ मागताना अडचण नको यासाठी, कामावरच्या अपघाताची नोंद अपघातवहीत झाली आहे का, हे स्वतः किंवा घरच्यांमार्फत लगेच पाहावे. मात्र समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी आस्थापना काय करणार हे सांगणारे लेखी धोरण, प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात संपर्क अधिकारी नेमणेही आवश्यक आहे. त्या धोरणाची प्रत मागावी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे.

सरकारी कार्यालयात अर्जाची दखल घेतली नाही, तर थेट मंत्रालय गाठण्याआधी तिथल्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी होणे कायद्याने बंधनकारक आहे. तिने समाधान झाले नाही तर दिव्यांगांविषयीच्या जिल्हास्तरीय समितीकडे, तसेच पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते, आणि तिथे सोबत मूळ अर्जाची पोच जोडावी.