व्हिस्कॉसिटी मोजण्याचे स्वस्त उपकरण घेताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत साच्याला लावायचे कोटिंग, यंत्रांतील हायड्रॉलिक ऑइल आणि गुऱ्हाळातील काकवी या तिन्हींची व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, एकाच उपकरणाने मोजता येईल, असे धरून चालणे ही खरेदीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

कोटिंग किंवा रंग रोज सारखाच पातळ केला जातो की नाही, एवढेच पाहायचे असेल तर फोर्ड कप क्रमांक 4 (तळाशी ठरावीक मापाचे छिद्र असलेला कप), स्टॉपवॉच आणि विश्वासार्ह थर्मामीटर पुरे. छिद्रातून धार वाहण्याची वेळ 20 ते 100 सेकंदांच्या बाहेर जात असेल तर वेगळ्या छिद्राचा कप घ्यावा. धार प्रथम तुटते त्या क्षणी घड्याळ थांबवावे. कप रिकामा होईपर्यंत थांबणारा कामगार दर वेळी वेगळा आकडा देतो. कोटिंगमधील भुकटी तळाशी बसते, म्हणून मोजण्यापूर्वी ते नीट ढवळलेले असावे.

कपाची वेळ हळूहळू वाढत असेल तर छिद्रात वाळलेला थर साचलेला असतो. तो तारेने खरवडू नये, कारण छिद्राला पडलेला ओरखडा कायमचा राहतो. मऊ ब्रश आणि योग्य द्रावक वापरावे. उलट वेळ घटत गेली, तर झिरकॉनसारख्या कठीण भुकटीने छिद्र झिजले असण्याची शक्यता तपासावी. व्हिस्कॉसिटी आधीच माहीत असलेल्या प्रमाणित तेलाने अधूनमधून पडताळणी केली की दोन्ही दोष लवकर उघड होतात.

तेलाच्या बाबतीत तापमान दुर्लक्षून चालतच नाही. ग्रेड 68 म्हणजे 40 अंश सेल्सिअसला 68 सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचे एकक), त्यामुळे एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी घेतलेल्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. तेलाची व्हिस्कॉसिटी मोजणारी काचेची केशनळी (अतिशय बारीक नळी) तुलनेने स्वस्त मिळते, परंतु तापमान स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

काकवीसाठी मात्र फिरत्या स्पिंडलचे उपकरणच हवे. टॉर्क, म्हणजे स्पिंडल फिरवायला लागणारा जोर, उपकरणाच्या क्षमतेच्या 10 टक्क्यांखाली दिसत असेल तर तो आकडा ग्राह्य न धरता मोठे स्पिंडल किंवा जास्त वेग निवडावा, आणि हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे. विक्रेत्याकडे आपल्याच काकवीचा नमुना नेऊन, एकाच तापमानाला तीन वेळा मोजून दाखवण्यास सांगावे आणि मगच पैसे द्यावेत.